ग्राहकाला तोंडी सूचना दिली

बिघडलेली गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये येणारा माणूस पहिलं वाक्य हमखास खोटं बोलतो. "मी काही केलं नाही हो, उभी होती ती बंद पडली." पुण्याच्या एका पाहुण्यांची गाडी आरे-वारेच्या पुळणीवरून ओढून आणली होती. तिच्यासमोर उभे राहून ते मला सांगत होते की गाडी पाण्यात गेलीच नाही, चांगली लांब उभी होती. मी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचं झाकण काढलं, तर आत बोटभर कुर्ली नांग्या वर करून बसलेली. मी म्हटलं, "साहेब, ही मग पुण्याहून तुमच्याबरोबरच आली का?" त्यांच्या बायकोला हसू आवरेना. ते मात्र शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम.

दिवाळी अंकासाठी अशाच गमती लिहा, असं संपादक म्हणाले होते. गमती भरपूर आहेत. देवरूखचे एक निवृत्त हेडमास्तर गाडीच्या तक्रारी लाल शाईने क्रमवार लिहून आणत आणि काम झाल्यावर जॉबकार्डावर मला दहापैकी गुण देत. सातच्या वर कधी गेले नाहीत. एका बागायतदारांच्या गाडीत मागून खडखड यायची. आम्ही तीनदा सस्पेन्शन उघडून बघितलं आणि चौथ्यांदा स्टेपनीच्या खाचेत दोन सोललेले नारळ सापडले. असं पानंच्या पानं लिहिता येईल. पण गेल्या वर्षी मी एक गाणं ऐकलं आणि तेव्हापासून माझ्या नोकरीतलं दुसरं काही मला आठवावंसं वाटत नाही. ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं म्हणजे पुन्हा खोटंच बोलणं.

आधी माझं काम सांगतो. रत्नागिरीत एका मोटार कंपनीचं अधिकृत वर्कशॉप होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून आता कोणाचं काही वाकडं होणार नाही. तिथे मी मेकॅनिक म्हणून लागलो आणि पुढे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर झालो. लोक मला मिस्त्रीच म्हणत राहिले, मलाही तेच बरं वाटायचं. अ‍ॅडव्हायझरने गाडी ताब्यात घ्यायची, तक्रार ऐकायची, जॉबकार्ड लिहायचं आणि किल्ली परत देताना काय केलं, काय राहिलं ते गाडीवाल्याला नीट समजावून सांगायचं. जॉबकार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर. त्यावर शेवटी एक शेऱ्याची चौकट असते आणि खाली गाडीवाल्याची सही. सही करणारा कधीही वाचत नाही. तीस वर्षांत वाचणारे फक्त हेडमास्तर.

आमच्या किनाऱ्यावर गाडीचा खरा शत्रू खड्डा नाही, खारं पाणी. वरून गाडी चकचकीत दिसते आणि खालून लोखंडाचे पापुद्रे सुटत असतात. त्यात मासळी वाहणारी गाडी असेल तर बघायलाच नको. बर्फाचं पाणी, मीठ, माशाचं पाणी, सगळं फळीतून खाली गळत राहतं. गाडीच्या पोटाखालून पुढून मागे एक पेन्सिलपेक्षा बारीक पाइप जातो. ब्रेकवर पाय दिला की त्यातलं ऑइल मागच्या चाकांना धरतं. आमच्या कंपनीच्या एका मॉडेलला हा पाइप असा काही होता की दोन-तीन पावसाळ्यांत क्लिपेपाशी सडायचा. स्क्रूड्रायव्हरची कड घासली की खपल्या पडायच्या. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या मॉडेलच्या पाइपाला जाड आवरण आलं, म्हणजे वर बसलेल्यांनाही माहीत होतं. पण जुन्या गाड्या कोणी परत बोलावल्या नाहीत.

कंपनीचे एरिया मॅनेजर महिन्यातून एकदा येत. गोड बोलायचे. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "मिस्त्री, कार्डावर गंज हा शब्द लिहू नका. समुद्राजवळील वापर असं लिहा. आणि खाली लिहा, ग्राहकाला तोंडी सूचना दिली." हे त्यांनी कागदावर कधी दिलं नाही. गंज लिहिला तर तो कंपनीच्या अंगावर येतो, समुद्र लिहिला तर देवाच्या. मला ते तेव्हा कळलं होतं. कळून मी मान हलवली, कारण मुलांची शिक्षणं चालू होती आणि मला त्या खुर्चीची सवय झाली होती.

आता माझी पद्धत सांगतो, कारण घात तिनेच केला. सकाळी गाड्यांची रांग लागे. वेळ वाचावा म्हणून मी दिवस सुरू होण्याआधीच आठ-दहा कोऱ्या कार्डांवर ते शेवटचं वाक्य लिहून ठेवत असे. ग्राहकाला तोंडी सूचना दिली. खाली माझी सही. गाडीच आलेली नाही, ग्राहक कोण तेही ठाऊक नाही, आणि सूचना दिलेली! याचा मला अभिमान होता, हेही सांगतो. माझ्या टेबलापाशी कधी खोळंबा होत नाही असं वर्कशॉपचे मॅनेजर सगळ्यांना सांगायचे.

पूर्णगडचे गणपतदादा त्या मॉडेलची बंद व्हॅन वापरत. त्यांची बायको शेवंतीवहिनी बंदरावर मासळी घ्यायच्या, दादा ती भरून देवरूखच्या बाजारात पोचवायचे. गाडीवर माणसाचा जीव म्हणजे काय ते दादांकडे बघावं. दर महिन्याला स्वतः ब्रेक ऑइलची पातळी बघणारा असा गाडीवाला मी दुसरा पाहिला नाही. कधी आले की पिशवीतून चार बांगडे काढून माझ्या टेबलाखाली सरकवून ठेवायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, आमची लक्षुमी सांबाळा."

त्या दिवशी सकाळी ते व्हॅन ठेवून बर्फ आणायला गेले. व्हॅन रॅम्पवर चढवली. मी स्वतः खाली गेलो, पाइपावर स्क्रूड्रायव्हर घासला आणि नखाएवढी खपली माझ्या बाहीवर पडली. पाइप स्टोअरमध्ये नव्हता. वर येऊन कार्डावर लिहिलं: मागील ब्रेक पाइप, समुद्राजवळील वापर, पाइप मागवला. त्याखाली सकाळचं वाक्य होतंच. दादा आले की त्यांना सांगायचं, पाइप येईपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही, असं मनाशी ठरवून मी जेवायला गेलो. दादा तेवढ्यात आले. पेट्यांतला बर्फ वितळत होता. काउंटरवरच्या मुलीने सही घेतली आणि किल्ली दिली. मी परत आलो तर व्हॅन गेलेली आणि कार्ड माझ्या टेबलावर. मी त्यावर नजर टाकली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ग्राहकाला तोंडी सूचना दिली. मी कार्ड फाइलला लावलं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काहीही राहिलं नाही. लिहिलेलं वाचलं आणि काम झाल्यासारखं वाटलं.

पाइप आलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात देवरूखकडे जाताना एका उतारावर दादांचं ब्रेकचं पेडल तळाला गेलं. समोरून एसटी येत होती. त्यांनी व्हॅन डोंगराच्या बाजूला घातली. एसटीतल्या कोणाला खरचटलंही नाही. दादा जागच्या जागी गेले.

एरिया मॅनेजर दुसऱ्याच दिवशी आले. फाइल मागवली, कार्ड वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या अक्षराने वाचवलं आपल्याला." मी ते कार्ड परत हातात घेतलं. तारीख बघितली, सही बघितली, आणि तेव्हा मला आठवलं की त्या दिवशी दादा आणि मी भेटलोच नव्हतो.

पंधरा दिवसांनी शेवंतीवहिनी दिराला घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या. कंपनीच्या माणसाने त्यांना कार्ड वाचून दाखवलं होतं. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"मिस्त्रीभाऊ, तुमी ह्यांना सांगितलं व्हतंत?"

वर्कशॉपचे मॅनेजर शेजारी उभे होते. मी म्हटलं, "हो, वहिनी."

त्या मग दिराकडे वळून म्हणाल्या, "बगा भावजी. सांगून पन नेली गाडी. येक शबुद नाय बोलले घरात. माजा मानूस हट्टीच." आणि निघून गेल्या. दावा केला नाही, अर्ज केला नाही. ज्याची चूक तो गेला, आता भांडायचं कोणाशी?

मी निवृत्त झालो. वर्कशॉपही पुढे बंद पडलं. त्या जागी आज फर्निचरचं दुकान आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी एक मुलगी घरी आली, पाठीवर गिटार. म्हणाली, "काका, मी गणपत मास्यावाल्यांची रूपाली." बाप गेला तेव्हा ही दहावीला होती. पुढे देवरूखला कॉलेज केलं. आता रत्नागिरीत नोकरी करते आणि चौघांचा एक रॉक बँड आहे, त्यात गाते. बँडचं नाव 'खारवट'. ड्रम वाजवणारा बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. तिने मोबाइलवर मला त्यांचं एक गाणं ऐकवलं. सायलेन्सर तुटलेला डंपर चढ चढतोय असं मला वाटलं, पण ती इतक्या आशेने बघत होती की मी मान डोलावली.

तिला मोटार कंपन्यांवर गाणं करायचं होतं. ब्रेकचा पाइप कुठून कसा जातो, का सडतो, आवरण कधी आलं, सगळं तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. आपला धंदा कोणाला समजावून सांगताना माझी कळी खुलते. मी कागदावर आकृतीसुद्धा काढून दिली. मग ती म्हणाली, "काका, आई म्हनते बापूस हट्टी व्हता. मला नाय पटत. हट्टी नव्हता तो, त्याच्याकडं दुसरा रस्ताच नव्हता. बाजार घाटापलीकडं, मग तो काय करनार? कंपनी सूचना देते नि हात झटकते. गाणं ह्याच्यावरच हाय. म्हनून मला ते शब्द पायजेत."

"कुठले शब्द?"

"तुमी त्याला सांगितलंत ते. नेमके काय म्हनालात?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. 'हो' म्हणणं सोपं असतं, त्यात तपशील लागत नाही. मी खिडकीबाहेर बघितलं आणि रचलं. म्हटलं, "मी म्हणालो, दादा, गाडी आता उतारावर नेऊ नका, दगा देईल." तिने ते वहीत उतरवून घेतलं. दोनदा वाचून माझ्याकडून खात्री करून घेतली. मी चहा टाकायला सांगितला.

गाण्याचा कार्यक्रम शहरातल्या एका सभागृहात रविवारी दुपारी होता. रूपालीने मला दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत शेवंतीवहिनी, पदर डोक्यावरून घेतलेला, कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजात ताठ बसलेल्या. दोन-तीन गाणी झाली. मग ड्रम एकदम थांबले आणि रूपाली माइकपुढे हात जोडून उभी राहिली. तिने गाऱ्हाणं सुरू केलं.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे देवापुढे गावाच्या वतीने एक जाणता माणूस मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीचे सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं. शब्द कानावर पडोत न पडोत, वाक्याचा सूर खाली आला की ओठ आपोआप हलतात. या पोरीने कंपनीलाच देव केला होता.

बा कंपनीच्या राजा, चाव्या हातात घेऊन तुज्यापुडं उभी हाव
व्हय म्हाराजा!
गाडी तुजी बरी, रस्ता आमचा वायट
व्हय म्हाराजा!
पायप तुजा चांगला, समुद्र आमचा खारा
व्हय म्हाराजा!

प्रत्येक 'व्हय'वर ड्रमचा दणका. पोरं उठून उभी राहिली होती. हसत होती, ओरडत होती, आणि हसता हसता त्यांचे चेहरे कडवट होत चालले होते. प्रत्येकाच्या घरी खालून सडलेलं काहीतरी होतंच. मी थक्क झालो. इतकी वर्षं आम्ही वर्कशॉपमध्ये ज्याला मान हलवत आलो, ते या मुलीने चार ओळींत सगळ्यांपुढे मांडलं होतं. मीही ओरडू लागलो. मग ती खालच्या पट्टीत गेली.

मिस्त्री म्हनाला, दादा, गाडी आता उतारावर नेऊ नका
व्हय म्हाराजा!
मिस्त्री म्हनाला, दादा, दगा देईल
व्हय म्हाराजा!

माझंही तोंड उघडलं होतं. माझा आवाज मला ऐकू आला. मी रचलेल्या खोट्याला मी स्वतःच, शेकडो लोकांबरोबर, हात वर करून होकार दिला होता. पहिल्या रांगेत वहिनींचा पदर हलला. त्या डोळे पुसत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या बाहेर अंगणात माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्सं मला वाटायचं, तुमी घाईत कायतरी बोलला असाल, ह्यांच्या ध्यानात आलं नसंल. तेवडीच आशा व्हती. पन तुमी इतकं साफ सांगितलं व्हतंत. तरी नेली. आमचा तरी इचार करायचा मानसानं."

तिथे माझा धीर सुटला. मी म्हटलं, "वहिनी, मी त्या दिवशी त्यांना भेटलोच नव्हतो."

"कंच्या दिवशी?"

"कार्डावरच्या. मी जेवायला गेलो होतो. सूचना दिली असं आधीच लिहून ठेवलेलं होतं. दादांना कोणीच काही सांगितलं नाही."

रूपाली गिटार खांद्याला लावून मागेच उभी होती. तिने विचारलं, "मग ते वाक्य?"

"तू विचारलंस तेव्हा रचलं, बाय."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मग म्हणाली, "काका, आता खरं गायलं तर कंपनी सुटते. म्हनंल, आमी सांगायला सांगितलं व्हतं, मिस्त्रीनं सांगितलान नाय. नि हेच गात राह्यले तर बापूस अडकतो." मी म्हटलं, मी लिहून देतो, कुठे म्हणशील तिथे येऊन सांगतो. दुसऱ्या आठवड्यात मी एका वकिलाकडे गेलोही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, मुदत केव्हाच टळली, आणि ती टळली नसती तरी तुमचं तोंडी बोलणं एकीकडे आणि तुमच्याच अक्षरातला, तुमच्याच सहीचा कागद दुसरीकडे. कोण तुमचं ऐकेल? मी इतकी वर्षं नेटाने कार्डं लिहिली ती अशी, की आता खरं बोलायला मीच माझा विरोधी साक्षीदार.

रूपालीने ते गाणं गायचं बंद केलं. पण गाणं बंद कसं होणार? सभागृहातल्या पोरांनी ते मोबाइलवर घेतलं होतं. आता नवी गाडी घेतली की लोक शोरूमसमोर तिला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि त्या व्हिडिओवर हेच गाणं लावतात. "गाडी तुजी बरी" एवढंच ऐकू येतं, मग जोरात "व्हय म्हाराजा!" आणि हसणारी कुटुंबं. त्यात राग होता हे कोणाच्या गावीही नाही. माझ्या पुतण्यानेही गाडी घेतली तेव्हा लावलं आणि मला पाठवलं.

या वर्षी पितृपक्षात पूर्णगडहून निरोप आला. गणपतदादांच्या म्हाळाला या, असा. वहिनींनी बोलवावं असं मी काहीच केलं नव्हतं, म्हणून न जाण्याचीही हिंमत झाली नाही. ओटीवर दादांच्या नावाचं पान मांडलेलं होतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. शेजारी दुसरं पान माझ्यासाठी. दीर होते, रूपाली होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दर वर्साला मी ह्या पानाफुडं बसून ह्यांना बोल लावले. सांगितल्यालं ऐकायचं नाय, पोरीला उगड्यावर टाकून जायचं, असं काय काय बोलले. जेवा म्हनून कदी म्हटलं नाय. आता तुमी बसा हितं नि सांगा त्यांना."

"काय सांगू, वहिनी?"

"मला सांगितलंत तेच. तोंडानं सांगा."

मी पाटावर बसलो. समोर केळीचं पान आणि पाण्याचा तांब्या. गिऱ्हाइकांना गाड्यांबद्दल मी आयुष्यभर सांगत आलो, जीभ कधी अडखळली नाही. त्या पानासमोर मला पहिला शब्द सापडेना. शेवटी म्हटलं, "दादा, पाइप सडला होता. मी बघितला होता. तुम्हाला सांगितलं नाही." एवढंच. रूपालीने तोंड फिरवलं.

वहिनी पुढे सरकल्या. दादांच्या पानावरची माशी त्यांनी हाताने उडवली आणि अगदी हळू, घरात रोज बोलाव्या तशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत? तुमची चूक नव्हती. जेवा आता."

मग त्या उठून आत गेल्या. माझ्यापुढचं पान तसंच वाढलेलं होतं. मला कोणी जेवा म्हटलं नाही.